अलास्का क्रूझ: तीन पिढ्या, १४ माणसं. जहाज कसं निवडावं?

शेवंती

नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये सगळ्या कुटुंबानं मिळून अलास्का क्रूझ करायचं घाटतंय. माणसं अशी:

पुण्याहून सासरे (७९), सासूबाई (७६), आतेसासूबाई (७०, एकट्या), आम्ही दोघं आणि आमची मुलं (११ आणि ४). न्यू जर्सीहून धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची मुलं (१३ आणि ९), चौघंही भारतीय पासपोर्टवर, दीर एच-१बी वर. कॅलिफोर्नियाहून नणंद, नंदोई आणि त्यांची मुलगी (१६), तिघांकडे ग्रीन कार्ड.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. घरातल्या घरात चालतात, पण लांब जायचं तर व्हीलचेअर लागते. आठ जण शाकाहारी, आतेसासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. मुलांना खूप खेळ असलेलं मोठं जहाज हवंय, नंदोईंना फक्त हिमनद्या बघायच्यात, आणि सासऱ्यांना बोट लागते.

सिअॅटलहून जावं की व्हँकुव्हरहून? जहाज कोणतं? खोल्या किती आणि कशा घ्याव्यात? आणि व्हिसाचं काय?

दर्यावर्दी

शेवंतीताई, जहाजाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी मार्ग, मग खोल्या. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की जहाजं आपोआप दोन-तीनच उरतात.

सिअॅटलहून निघालेली मोठी जहाजं सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून वर जातात. पहिली रात्र आणि दुसरा दिवस लाटा जाणवू शकतात, परतीला पुन्हा तेच. व्हँकुव्हरहून निघालेली जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधून, जॉन्स्टन सामुद्रधुनीतून जातात. दोन्हीकडे डोंगर, पाणी बरंच शांत, आणि पहिल्या दिवसापासून बघायला काहीतरी असतं. सासऱ्यांना बोट लागते हे एकच कारण मला व्हँकुव्हरकडे झुकायला पुरेसं आहे.

सिअॅटलच्या बाजूनं बोलायचं तर अमेरिकेतल्या दोन्ही कुटुंबांना देशांतर्गत विमानानं येता येतं आणि मोठी, खेळांनी भरलेली जहाजं बहुतेक तिथूनच सुटतात. मात्र "कॅनडाचा व्हिसा वाचतो" म्हणून सिअॅटल निवडू नका, कारण तो वाचत नाही. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेच्या बंदरातून सुटून अमेरिकेच्याच बंदरात परतणार असेल, तर वाटेत एका तरी परदेशी बंदराला लागावंच लागतं. ही मोठी जहाजं जवळपास सगळीच परदेशी नोंदणीची. म्हणून सिअॅटलच्या फेऱ्या कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला थांबतात, बहुतेक वेळा शेवटच्या संध्याकाळी काही तासच. जहाजातून उतरायचं नसलं तरी कागद लागतात, आणि नसतील तर चढतानाच अडवतात.

व्हँकुव्हरहून अलास्कातल्या व्हिटियर किंवा सीवर्ड बंदरापर्यंत एकेरी फेरी आणि पुढे रेल्वेनं डेनाली राष्ट्रीय उद्यान, हा मार्ग फार सुंदर आहे. पण सामान घेऊन दोन-तीन मुक्काम बदलणं आणि अँकरेजहून भारतात परतणं ज्येष्ठांना जड जाईल. तुमच्यासाठी जिथून निघालो तिथेच परतणारी ७ रात्रींची फेरीच बरी.

आता हिमनद्या. नंदोईंचा आग्रह खरा असेल तर "ग्लेशियर बे" असलेलीच फेरी शोधा. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला मोठी क्रूझ जहाजं दोनच सोडतात. परवाने मुख्यतः प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन या क्रूझ कंपन्यांकडे आहेत. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि डिस्नी सहसा एंडिकॉट आर्म किंवा हबर्ड हिमनदीला जातात. ग्लेशियर बेमध्ये जहाज जवळजवळ दिवसभर आत असतं, उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दर्शन होतं. एंडिकॉट आर्म ही अरुंद खाडी आहे. बर्फाचे तुकडे जास्त असले तर कप्तान डॉज हिमनदीच्या बऱ्याच अलीकडून जहाज वळवतो, विशेषतः मे आणि जूनच्या सुरुवातीला. जुन्या माहितीत शेजारच्या ट्रेसी आर्म खाडीचं नाव वाचाल, पण ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मोठी दरड कोसळून प्रचंड लाट उसळली आणि त्यानंतर कंपन्यांनी एंडिकॉट आर्म धरला.

एकच जहाज एका आठवड्यात ग्लेशियर बे आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरीकडे असंही जातं. म्हणून जहाजाच्या नावावर न जाता त्या तारखेचं वेळापत्रक उघडून बघा.

सिअॅटलकर

व्हिसा आणि तारखांबद्दल लिहितो.

पुण्याच्या सात जणांना अमेरिकेचा बी१/बी२ (पर्यटक) व्हिसा आणि कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा, दोन्ही लागतील, आणि दोन्ही बहुविध प्रवेशाचे असलेले बरे. सिअॅटलच्या फेरीत तुम्ही व्हिक्टोरियाहून अमेरिकेत पुन्हा प्रवेश करता, व्हँकुव्हरच्या फेरीत कॅनडात पुन्हा. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून आधी तो अर्ज करा आणि परतावा मिळणारी अनामतच भरा.

ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडासाठी व्हिसा लागत नाही, पण ग्रीन कार्डासोबत वैध भारतीय पासपोर्ट लागतो. पासपोर्ट संपलाय आणि फक्त कार्ड आहे, असं चालत नाही.

दीर-जावेचं जरा नीट बघा. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) वाल्यांना भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतोच. पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर कॅनडाच्या ३० दिवसांपर्यंतच्या प्रवासासाठी आपोआप पुनर्वैधतेची सोय आहे, म्हणजे त्याच शिक्क्यावर परत येता येतं. त्यासाठी आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) मुदतीत हवा आणि त्या दौऱ्यात नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. आय-९४ चा छापील कागद आणि मूळ आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र) हातातल्या पिशवीत ठेवायचे, मोठ्या बॅगेत नाही, कारण त्या बॅगा बंदरावर हमालाकडे जातात आणि थेट खोलीत भेटतात. क्रूझच्या चेक-इनवरच्या माणसाला हा नियम माहीत असेलच असं नाही, म्हणून दिरांच्या नोकरीच्या कंपनीच्या वकिलाकडून आधी लेखी विचारून घ्या.

तारखा: पुण्याच्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतात. दोन्हीकडच्या सुट्या जुळणं अवघड. जूनचा शेवटचा आठवडा धरला तर पुण्याच्या मुलांची शाळा थोडी बुडेल. उलट केलं तर अमेरिकेतल्या मुलांची वर्षअखेर बुडते, ते जास्त त्रासाचं. मे-जून हा काळ आग्नेय अलास्कात तुलनेनं कोरडा असतो आणि जूनअखेर जुनो (अलास्काची राजधानी) इथे सुमारे १८ तास उजेड असतो. खोलीचे जाड पडदे नीट ओढून घ्या, नाहीतर लहानगं रात्री अकरालाही झोपणार नाही.

निघायच्या बंदराच्या शहरात पुण्याच्या मंडळींनी दोन दिवस आधी यावं, बाकीच्यांनी निदान एक दिवस आधी. जहाज कुणासाठी थांबत नाही. आणि उशीर झालेल्या माणसाला "जुनोला येऊन चढ" असं म्हणता येईलच असं नाही, वर सांगितलेला १८८६ चा कायदा तिथेही आडवा येऊ शकतो.

दर्यावर्दी

खोल्यांचं आता सविस्तर, कारण मोठ्या कुटुंबांची फसगत इथेच होते.

तीन किंवा चार जणांच्या खोल्या कमी असतात आणि सगळ्यात आधी संपतात. खोली रिकामी दिसत असूनही तिसरा माणूस घालता येत नाही, असंही होतं. त्या भागाच्या जीवरक्षक नौकेची क्षमता भरलेली असते, आणि त्यात कुणाचीही ओळख चालत नाही. म्हणून १४ जणांनी ९ ते १२ महिने आधी आरक्षण करावं.

मी अशी वाटणी करीन:

सासू-सासरे एका खोलीत. आतेसासूबाई आणि १६ वर्षांची नात एकत्र. आतेसासूबाई एकट्या राहिल्या तर जवळजवळ दोघांचं भाडं पडतं, ते वाचेल आणि मुलीसोबत मोठं माणूस असेल. नणंद-नंदोई एका खोलीत. दिराचं कुटुंब आणि तुम्ही चौघं यांना प्रत्येकी आतून दार असलेल्या दोन जोडखोल्या. झाल्या ७.

चौघांची एकच खोली घेतली तर तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बहुधा कमी लागतं, पण साधारण १७० ते १८० चौरस फुटांत चार माणसं आणि एकच न्हाणीघर. वरचा पलंग छतातून खाली येतो आणि सोफा उघडला की चालायला जागा उरत नाही. दुसरी युक्ती म्हणजे आई-वडिलांना बाल्कनीची आणि समोरच, बोळाच्या पलीकडे, मुलांना बिनखिडकीची आतली खोली. जोडखोल्यांपेक्षा स्वस्त पडते. पण चार वर्षांच्या मुलासाठी ही सोय नको, तिथे मधलं दारच हवं.

आरक्षण करताना "शेजारची" आणि "जोड" यातला फरक विचारा. शेजारची म्हणजे नुसती भिंतीला भिंत. जोड म्हणजे मधे दार. जहाजाच्या नकाशात जोडखोल्यांना वेगळी खूण असते. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की २१ वर्षांखालच्यांच्या प्रत्येक खोलीत कागदावर एक मोठं माणूस हवं, आई-वडील शेजारी किंवा समोर असतील तर काही कंपन्या सूट देतात. कागदावर आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या खोलीत दाखवलेत तरी रात्री कोण कुठे झोपतं ते तुमचं तुम्ही ठरवा, स्वागतकक्षातून जादा किल्ली मिळते. फक्त आपत्कालीन सरावाचं ठिकाण खोलीप्रमाणे ठरतं, म्हणून दोन्ही खोल्या एकाच भागात असू द्या.

"गॅरंटी" भाडं स्वस्त दिसेल, पण घेऊ नका. त्यात खोली कंपनी ठरवते आणि तुमच्या सात खोल्या सात टोकांना जातील.

जागा जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर, उद्वाहनाजवळ. तिथे हेलकावा सगळ्यात कमी. वरच्या आणि खालच्या मजल्यावरही राहण्याच्याच खोल्या आहेत ना, हे नकाशात बघा. वर बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो.

गटाची सवलत बहुतेक ठिकाणी ८ खोल्यांपासून लागते, तुमच्या ७ होतात. एजंटकडे त्याच फेरीवर आधीच घेऊन ठेवलेला गट असतो, त्यात तुम्हाला बसवून भाडं कमी करता येतं. हे स्वतःहून विचारा. आणि सातही आरक्षणं एकमेकांशी जोडून घ्या, नाहीतर जेवणाची टेबलं वेगवेगळी पडतात.

जहाजांबद्दल माझं मत: प्रिन्सेसची रॉयल वर्गातली जहाजं (डिस्कव्हरी, रॉयल), सुमारे ३,६०० प्रवासी. ग्लेशियर बे मिळतं, मुलांचे वयोगटाप्रमाणे क्लब आहेत, आणि गळ्यात किंवा मनगटावर घालायच्या मेडॅलियनमुळे जहाजावर कोण कुठे आहे ते फोनवर दिसतं. १४ जणांत ही सोय फार उपयोगी. तारीख बघून व्हँकुव्हर परतीची फेरी मिळते का पाहा. नाही मिळाली तर हॉलंड अमेरिकेचं कोनिंग्सडॅम, सुमारे २,६५० प्रवासी, तलावावर सरकतं छप्पर, वातावरण निवांत. मुलांना थोडं शांत वाटेल.

हिमनग

दर्यावर्दींशी बाकी सगळ्यात सहमत, जहाजाच्या निवडीत नाही. १३ आणि १६ वर्षांच्या मुलांना विसरू नका. सात दिवसांत दोन-तीन दिवस जहाज कुठेच लागत नाही, आणि पाऊस लागला तर उघडी गच्ची उपयोगाची नाही. नॉर्वेजियनचं ब्लिस किंवा एन्कोर बघा. वर इलेक्ट्रिक गो-कार्टचा ट्रॅक आहे आणि पुढच्या टोकाला काचेची मोठी निरीक्षण लाउंज आहे, जिथे आजी-आजोबा शाल पांघरून दिवसभर बसू शकतात. काही फेऱ्यांना ग्लेशियर बेही आहे, म्हणजे नंदोईही खूश. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गात झाकलेला तलाव, बंपर कार आणि माणसांना समुद्रावर उंच नेणारी नॉर्थ स्टार ही काचेची कुपी आहे. खेळांसाठी तो वर्ग सगळ्यात उत्तम, पण ग्लेशियर बे नाही.

नॉर्वेजियनची एक अडचण मात्र सांगायलाच हवी: त्यांची जहाजं अलास्कातल्या केचिकनला गावात न लागता वॉर्ड कोव्ह या धक्क्याला लागतात. तिथून गाव सुमारे ७ मैल, बसनं जावं लागतं. सासूबाईंना त्यात चढ-उतार होईल.

आता व्हीलचेअर. जहाजावरच्या व्हीलचेअर चढण्या-उतरण्यापुरत्या असतात, आठवडाभर मिळत नाहीत. स्वतःची घडीची न्या. साध्या खोलीचं दार साधारण २२ ते २४ इंच असतं, उघडी व्हीलचेअर त्यातून जात नाही, आणि बोळात ठेवू देत नाहीत. घडी करून आत घ्यायची किंवा अपंगांसाठीची खोली घ्यायची. तिला रुंद दार आणि उंबरठा नसलेलं न्हाणीघर असतं, पण अशा खोल्या मोजक्याच असतात आणि गरज असल्याचं लेखी द्यावं लागतं. सासूबाई घरात चालतात म्हणजे बाकी खोली साधी चालेल. न्हाणीघराच्या उंबरठ्याची उंची मात्र विचारा.

वेळापत्रकात "टेंडर" लिहिलंय का बघा. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान होडीत उतरून जावं लागतं आणि लाटा असल्या तर व्हीलचेअरवाल्यांना थांबवतात.

स्कॅग्वे या अलास्कातल्या बंदराची व्हाइट पास रेल्वे सासूबाईंसाठी सगळ्यात सोपी सहल आहे. तीन फुटी अरुंद मार्ग, १८९८ ते १९०० मध्ये, सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली त्या काळात बांधलेला. शिखरापर्यंत जाऊन येऊन सुमारे २० अधिक २० मैल, तीन तासांच्या आत. व्हीलचेअरसाठी लिफ्ट असलेला डबा आहे, पण आरक्षण करतानाच सांगावं लागतं. जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. जी सहल पुढे युकॉनकडे बसनं जाते तिला पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिसा लागतो.

जुनोत मेंडेनहॉल हिमनदी गावापासून साधारण १२ मैल. फोटो पॉइंटची छोटी वाट सपाट आहे, व्हीलचेअर जाते. नगेट धबधब्याची वाट येऊन-जाऊन २ मैल, ती मुलांसाठी. तिथे प्रवासी नेण्याचे परवाने मर्यादित आहेत, त्यामुळे बसची तिकिटं आधी काढा.

देवमासे बघायला १४ जणांची पूर्ण बोट भाड्यानं घेणं परवडू शकतं, पण एक अट लक्षात ठेवा. स्वस्त दिसणाऱ्या बऱ्याच छोट्या बोटींना कायद्यानं ६ प्रवाशांपर्यंतच परवानगी असते. तुम्हाला तटरक्षक दलानं तपासलेली मोठी बोट लागेल. बंद केबिन आणि स्वच्छतागृह आहे का हे दोन प्रश्न आधी विचारा. खासगी सहल घेतलीत तर जहाज सुटण्याच्या निदान दोन तास आधी धक्क्यावर परत या. फक्त जहाजानं विकलेल्या सहलीला उशीर झाला तरच जहाजाची जबाबदारी असते. आणि घड्याळ: अलास्काची वेळ सिअॅटलच्या एक तास मागे.

आंबेमोहोर

जेवणाचं. आरक्षणानंतर प्रत्येक माणसाच्या नावापुढे "भारतीय शाकाहारी" किंवा आतेसासूबाईंसाठी "जैन" अशी नोंद करून घ्या, किमान ६० ते ९० दिवस आधी, आणि उत्तर लेखी मागा. पहिल्याच दिवशी दुपारी मुख्य जेवणघरात जाऊन हेड वेटरला भेटा. पद्धत अशी की दुसऱ्या दिवशीचं जेवण आदल्या रात्री त्याला सांगायचं. डाळ, भाजी, भात आणि रोटी होते, पण आयत्या वेळी मागितलं तर कांदा-लसणाशिवाय ग्रेव्ही मिळत नाही. ती आधीच मोठ्या पातेल्यात झालेली असते.

यासाठी ठरावीक वेळेचं, ठरलेल्या टेबलाचं जेवण घ्या. रोज तोच वेटर असला की तिसऱ्या दिवसापासून न सांगता कळतं. १४ जणांना एक टेबल क्वचित मिळतं, शेजारशेजारची दोन मागा. पहिली पंगत साडेपाचच्या सुमारास. आपल्याला लवकर वाटते, पण लहान मूल आणि ज्येष्ठ असताना तीच सोयीची.

शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्ये कोंबडीचा रस असू शकतो, मूस आणि जेलीत जिलेटिन, थाई आमटीत माशाचा सॉस. दरवेळी विचारायचं. बुफेत एकच चिमटा दोन भांड्यांत फिरतो, म्हणून कडक पाळणाऱ्यांनी तिथे फळं, पाव आणि सॅलडवर राहावं.

विजेची किटली, राइस कुकर, इंडक्शन, इस्त्री हे सगळं सुरक्षा तपासणीत काढून घेतात. आगीच्या भीतीनं, त्यात वाद घालू नका. घरचे लाडू-चिवडाही अडवू शकतात. कारखान्याचं बंद पाकीट असलेलं मेतकूट, भाकरवडी, खाकरा, मसाला चहा सहसा चालतं. गरम पाणी बुफेत दिवसरात्र मिळतं. बंदरावर उतरताना फळं किंवा जहाजावरचं अन्न बरोबर नेऊ नका.

शेवंती

खूप खूप आभार. घरात वाचून दाखवलं. व्हँकुव्हर आणि ग्लेशियर बे यावर सगळे तयार झाले, मुलंही. दोन प्रश्न राहिले. सातही खोल्या बाल्कनीच्या घ्याव्यात का? आणि भाड्याव्यतिरिक्त किती धरावं?

दर्यावर्दी

सातही नको. सासू-सासऱ्यांची बाल्कनीची घ्याच. सासूबाईंना गर्दीत कठड्यापाशी उभं राहणं जमणार नाही, खोलीतूनच हिमनदी दिसेल. तुमच्या आणि दिराच्या जोडखोल्यांपैकी प्रत्येकी एक बाल्कनीची, एक आतली, अशी जोडी मधल्या दारासह क्वचित मिळते. नाही मिळाली तर दोन्ही खिडकीच्या घ्या. आतेसासूबाई आणि नात यांना खिडकीची चालेल. नणंद-नंदोईंचं त्यांनाच विचारा. हिमनदी खरी बघायची ती वरच्या उघड्या डेकवरूनच, कारण बर्फाचा कडा तुटल्याचा आवाज कुठल्या बाजूनं येईल ते आधी कळत नाही. तिथे जूनमध्येही वारा बोचरा असतो. कानटोपी, हातमोजे आणि पाणी न शिरणारं जाकीट प्रत्येकाला हवं, छत्री तिथे उपयोगाची नाही. दुर्बीण दोघांत एक.

खर्च: सेवाशुल्क माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, म्हणजे १४ जणांचे ७ दिवसांचे १,५६८ ते १,९६० डॉलर. हे मुलांनाही लागतं, फक्त अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या सोडतात. बंदर कर वेगळे, भाड्याच्या पहिल्या आकड्यात ते आहेत की नाहीत ते तपासा. सहली सगळ्यात महाग, त्यांचं बजेट भाड्याइतकंच गांभीर्यानं करा. इंटरनेट सातही खोल्यांत घेऊ नका, दोन जोडण्या पुरतील.

पुण्याच्या ज्येष्ठांचा विमा घेताना दोन गोष्टी पॉलिसीत लिहिलेल्या हव्यात: आधीपासूनच्या आजारांचा समावेश आणि वैद्यकीय कारणानं विमानानं हलवण्याचा खर्च. जहाजावर डॉक्टर असतो, पण बिल जागेवर भरावं लागतं आणि परतावा नंतर मागायचा. सासऱ्यांची आणि सासूबाईंची औषधं दहा दिवसांची जास्त घ्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. बोट लागण्याची गोळी सासऱ्यांच्या बाकीच्या औषधांबरोबर चालते का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ती लाटा सुरू होण्याआधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर घेऊन फायदा होत नाही.

शेवटचा हप्ता बहुतेक कंपन्यांत ९० दिवस आधी, काहींत त्याहूनही आधी. व्हिसाचे निकाल त्या तारखेच्या आत हातात येतील असं उलटं मोजून अर्ज करा.